वीज पडली, वीज गेली. रेंज मात्र राहिली

मे महिना संपत आलेला असतो. दिवसभर घामाने जीव नकोसा होतो आणि चार-साडेचारच्या सुमाराला ढग दाटून येतात. वाऱ्याचा एक झोत, मातीचा वास आणि मग गावामागच्या डोंगरावर कानठळ्या बसवणारा कडकडाट. वीज पडते आणि त्याच क्षणी घरातली वीज जाते. मराठीत दोघींना एकच शब्द आहे, पण दोघींचे एकमेकींशी मुळीच पटत नाही. अंधारात आपला हात आधी मोबाइलकडे जातो. त्याच्या उजेडात मेणबत्ती शोधायची आणि शेतावर गेलेल्या माणसाला फोन लावायचा. फोन लागतो. ‘निघालोय, दहा मिनिटांत पोचतो.’ आपला जीव भांड्यात पडतो.

हा फोन ज्या टॉवरमार्फत लागला, तो डोंगरमाथ्यावर एकटाच उभा आहे. परिसरात सर्वांत उंच आणि नखशिखांत लोखंडी. मघाची वीज कदाचित त्याच्यावरच पडली असेल. गावाबरोबर त्याचाही वीजपुरवठा गेला आहे. त्याच्या टोकाशी टांगलेली नाजूक इलेक्ट्रॉनिक उपकरणे तरीही चालू आहेत. हे कसे जमते ते पाहण्यासारखे आहे, कारण त्यामागचे तत्त्व आपल्या घरातल्या टीव्हीलाही तितकेच लागू पडते.

खोलीतला रेडिओ टोकावर का गेला?

देशात १९९५ मध्ये मोबाइल सेवा सुरू झाली, तेव्हा टॉवरच्या टोकाला केवळ अँटेना असत. लहरी तयार करणारा रेडिओ टॉवरच्या पायथ्याशी वातानुकूलित खोलीत असे. खालून वर अंगठ्याहून जाड केबल जात आणि रेडिओने तयार केलेली शक्ती अँटेनापर्यंत नेत. मात्र उंच टॉवरवर या केबलमध्येच जवळजवळ निम्मी शक्ती उष्णतेच्या रूपाने वाया जायची. डोंगरावरच्या टाकीत पाणी चढवावे आणि निम्मे पाइपातच गळून जावे, तसा हा प्रकार होता.

पुढे अभियंत्यांनी रेडिओच उचलून अँटेनाशेजारी नेला. टॉवरकडे नीट पाहिले, तर लांबट पांढऱ्या अँटेनांच्या मागे पत्र्याच्या छोट्या पेटाऱ्यांसारखे डबे दिसतात. पाठीवर उष्णता बाहेर टाकणाऱ्या पात्यांची रांग असलेले हे डबे म्हणजेच रेडिओ. आता खालून वर दोनच गोष्टी जातात. एक, संदेश नेणारी प्रकाशतंतूची बारीक केबल आणि दुसरी, वीज नेणारी तांब्याची केबल. शक्तीची गळती थांबली, पण दोन नवे प्रश्न उभे राहिले. इतक्या उंचावर वीज पुरवायची कशी, आणि आभाळातल्या विजेपासून त्या डब्याला वाचवायचे कसे?

४८ व्होल्टचे गणित

टॉवरच्या पायथ्याशी येणारा पुरवठा आपल्या घरासारखाच एसी असतो. पण रेडिओ चालतात ४८ व्होल्टच्या डीसीवर. हा आकडा टेलिफोन एक्स्चेंजच्या जमान्यापासून चालत आला आहे. दोन व्होल्टचे २४ बॅटरी-घट एकामागे एक जोडले की ४८ व्होल्ट मिळतात. पुरवठा गेला, तरी बॅटरी जोडलेलीच असल्याने क्षणाचाही खंड पडत नाही. शिवाय डीसीमध्ये ६० व्होल्टपर्यंतचा दाब कोरड्या हाताला सहसा धोकादायक मानला जात नाही, त्यामुळे काम करणाऱ्यालाही तो त्यातल्या त्यात सुरक्षित.

यात आणखी एक गंमत आहे. मोटारीत बॅटरीचे ऋण टोक सांगाड्याला जोडलेले असते. टेलिफोनच्या दुनियेत याच्या उलट, धन टोक जमिनीला जोडतात. म्हणूनच तंत्रज्ञ या पुरवठ्याला ‘मायनस ४८’ म्हणतात. कारण ओल्या मातीत आहे. जमिनीत पुरलेल्या केबलचा धातू मातीच्या तुलनेत धन राहिला, तर विद्युत-रासायनिक क्रियेने तो झिजत जातो. ऋण राहिला, तर टिकतो.

कमी दाबाची किंमत मात्र मोजावी लागते. तेवढीच शक्ती हवी असेल, तर दाब कमी म्हणून विद्युतधारा जास्त लागते. समजा, वरच्या रेडिओला ९६० वॅट हवेत. ४८ व्होल्टवर त्यासाठी २० अँपिअर लागतील. टॉवर ४० मीटर उंच, म्हणजे जाण्या-येण्याची मिळून ८० मीटर तार. ती ६ चौरस मिलिमीटर जाडीची असेल, तर वाटेतच सुमारे पावणेपाच व्होल्ट गळून जातात. पुरवठा चालू असताना हे खपून जाते.

वीज गेल्यावर खरी परीक्षा असते. बॅटरी उतरत ४४ व्होल्टवर आली, की रेडिओ तेवढीच शक्ती मिळवण्यासाठी जास्त विद्युतधारा ओढतो. विद्युतधारा वाढली की तारेतली गळतीही वाढते. वरच्या उदाहरणात खाली ४४ व्होल्ट असताना वर जेमतेम ३८ पोचतात आणि अशा दाबावर अनेक रेडिओ स्वतःला बंद करून घेतात. म्हणजे बॅटरीत जीव असूनही रेंज जाते. दोष बॅटरीचा नसतो, काटकसर करून वापरलेल्या बारीक तारेचा असतो. फाइव्ह-जीचे रेडिओ अधिक शक्ती घेतात. त्यामुळे आता जाड तारा घालतात किंवा वर पोचेपर्यंत होणारी घट हिशेबात धरून खालूनच थोडा जास्त दाब सोडतात.

एका तारेने घेतलेला बळी

आता आभाळातल्या विजेकडे वळू. बेंजामिन फ्रँकलिनच्या कल्पनेवरून १७५२ मध्ये फ्रान्समध्ये उंच लोखंडी दांडा उभारून ढगांतून ठिणग्या मिळवण्याचा प्रयोग झाला आणि युरोपभर विजेचे प्रयोग सुरू झाले. सेंट पीटर्सबर्गमध्ये गेऑर्ग रिचमन या शास्त्रज्ञाने घराच्या छपरावर दांडा बसवला आणि त्याची तार खोलीतल्या उपकरणाला जोडली. मोजमाप करायचे म्हणून ती जमिनीला मात्र जोडली नव्हती. १७५३ च्या उन्हाळ्यात वादळ आले, तेव्हा ते उपकरण पाहायला जवळ गेले. तारेतून आलेल्या विजेने त्यांच्याच शरीरातून जमिनीची वाट शोधली आणि ते जागीच गेले.

टॉवरवरच्या रेडिओची अवस्था रिचमन यांच्यासारखीच असते. उंच धातूशेजारी तो बसलेला आहे आणि तांब्याची तार थेट त्याच्या पोटात गेलेली आहे. प्रकाशतंतू काचेचा असल्याने वीज वाहून नेत नाही. धोका तांब्याच्या केबलचा.

विजेच्या लोळात नेमके किती अँपिअर असतात, हेही टॉवरनीच शिकवले. स्वित्झर्लंडमधील लुगानोजवळच्या सान साल्वातोरे डोंगरावर कार्ल बर्गर या शास्त्रज्ञाने १९४० च्या दशकापासून पुढे तीन दशके उंच मनोऱ्यांवर पडणाऱ्या विजा मोजल्या. त्या मोजमापांवर आजची आंतरराष्ट्रीय मानके मोठ्या प्रमाणात उभी आहेत. ढगातून उतरणाऱ्या नेहमीच्या विजेचा पहिला तडाखा सुमारे ३० हजार अँपिअरचा असतो. क्वचित तो दोन लाखांपर्यंत जातो. घरातला एसी सात-आठ अँपिअर घेतो, यावरून अंदाज यावा. बर्गर यांना आणखी एक गोष्ट दिसली. डोंगरावरच्या मनोऱ्यांवर अनेकदा वीज वरून पडत नसे, ती मनोऱ्याच्या टोकातून ढगाकडे झेपावत असे.

वीज जमिनीत सोडायची, तर जाड तार लावली की झाले, असे आपल्याला वाटते. पण इथे तारेची जाडी फारशी कामाला येत नाही. भरलेला ट्रक एकदम वेगात येऊ शकत नाही, तशी तारही विद्युतधारेच्या अचानक बदलाला विरोध करते. विजेचा तडाखा काही मायक्रोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या काही दशलक्षांश भागांत, शिखर गाठतो. एका सरळ तारेतून दर मायक्रोसेकंदाला १० हजार अँपिअर या वेगाने धारा वाढली, तर त्या तारेच्या दर एक मीटर लांबीवर सुमारे १० हजार व्होल्टचा फरक उभा राहतो. टॉवरच्या अनेक पायांत धारा वाटली जाते, म्हणून प्रत्यक्षातला आकडा कमी भरतो. तरी टोक आणि पायथा यांत प्रचंड फरक पडतोच. ४८ व्होल्टवर चालणाऱ्या उपकरणाला त्यातला अंशही पुरेसा आहे.

सगळे मिळून वर, सगळे मिळून खाली

मग उपाय काय? वीज अडवता येत नाही आणि पूर्ण शोषूनही घेता येत नाही. उपाय विजेच्या तारेवर बसणाऱ्या पक्ष्याकडून शिकण्यासारखा आहे. पक्षी हजारो व्होल्टच्या तारेवर निवांत बसतो, कारण त्याचे दोन्ही पाय एकाच दाबावर असतात. दाब कितीही असो, शरीराच्या दोन टोकांत फरक नसेल, तर विद्युतधारा वाहत नाही.

टॉवरवर हेच करतात. टोकाचा तडितरक्षक, लोखंडी सांगाडा, रेडिओचा डबा, केबलवरचे धातूचे आवरण, खालची खोली, बॅटरीची मांडणी, जनरेटर आणि कुंपण हे सगळे जाड वाहकांनी एकमेकांना जोडतात आणि एकाच अर्थिंगच्या जाळ्याशी बांधतात. केबलचे आवरण टोकाशी आणि पायथ्याशी, तर उंच टॉवरवर मध्येही सांगाड्याला जोडतात.

आता वीज पडली, असे समजू. टॉवरच्या अर्थिंगचा रोध १० ओहम असेल, तर ३० हजार अँपिअरला जमिनीचा दाब त्या जागी तीन लाख व्होल्टनी उसळतो. सगळेच एकत्र बांधलेले असल्यामुळे सगळेच एकत्र उसळते आणि पुन्हा एकत्र खाली येते. भरती आली की धक्क्यालगतच्या सगळ्या होड्या एकदम उचलल्या जातात आणि कोणाचेच काही बिघडत नाही. बिघडते ते एखादी होडी आखूड दोराने खडकाला बांधलेली असली तर.

असा दोर म्हणजे बाहेरून येणारी तार. गावातल्या ट्रान्सफॉर्मरकडून येणारी तार दूरच्या जमिनीचा दाब घेऊन येते. त्या दाबात आणि उसळलेल्या टॉवरमध्ये लाखो व्होल्टचा फरक पडतो. पावसाळ्यात झाडाखालची गुरे दगावतात, त्यामागचे कारणही हेच. वीज झाडावर पडली की जमिनीतला दाब झाडापासून दूर जाताना झपाट्याने उतरतो. गुरांचे पुढचे आणि मागचे पाय लांब अंतरावर असल्याने दोन्हींत मोठा फरक पडतो आणि विद्युतधारा छातीतून वाहते.

आपोआप उघडणारा सांडवा

तारा तर हव्यातच. ४८ व्होल्टची तार टॉवरला थेट जोडून टाकता येत नाही. म्हणून तार आणि अर्थिंग यांच्यामध्ये सर्ज प्रोटेक्टर बसवतात. धरणाच्या सांडव्यासारखे त्याचे काम चालते. पातळी ठरावीक खुणेखाली असेपर्यंत तो बंद. पातळी ओलांडली की आपोआप उघडून जादा लोंढा अर्थिंगकडे वाट करून देतो आणि लोंढा ओसरला की पुन्हा बंद.

त्याच्या पोटात बहुतेकदा जस्त ऑक्साइडच्या बारीक कणांची भाजलेली चकती असते. जपानमध्ये १९६० च्या दशकाच्या अखेरीस विकसित झालेला हा पदार्थ कमी दाबाला वीजरोधक असतो आणि दाब चढताच सेकंदाच्या अब्जांश भागांत वाहक बनतो. वायू भरलेल्या छोट्या नळीत ठिणगी पाडून वाट करून देणारा दुसरा प्रकारही आहे. तो मोठा लोंढा सहज पेलतो, पण डीसीवर त्याची एक अडचण होते. घरातली एसी धारा सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, त्यामुळे पेटलेली ठिणगी विझायला संधी मिळते. डीसी शून्यावर येतच नाही. वादळाची लाट निघून गेली, तरी बॅटरीच त्या ठिणगीला खाऊ घालत राहते. म्हणून डीसीच्या तारांवर ही नळी एकटी लावत नाहीत.

असा सांडवा एक पुरत नाही. एक वर रेडिओजवळ आणि एक खाली तार खोलीत शिरते तिथे, असे दोन लागतात, कारण फरक दोन्ही टोकांशी उभा राहतो. वीजपुरवठा येतो त्या जागी तिसरा. त्यांना अर्थिंगशी जोडणारी तार शक्य तितकी आखूड आणि सरळ हवी. उरलेल्या तारेचे नीटनेटके वेटोळे करून ठेवले, तर पाहायला छान दिसते, पण मघाचा दर मीटर १० हजार व्होल्टचा हिशेब आठवा. मीटरभर जादा तारेने सगळ्या संरक्षणावर पाणी पडू शकते.

जमिनीत दडलेला कच्चा दुवा

ही सगळी रचना शेवटी जमिनीवर अवलंबून असते आणि आपल्याकडची जमीन या कामी फारशी सोपी नाही. सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट आणि कोकणातला जांभा, दोन्ही विजेला सहज वाट देत नाहीत. शिवाय टॉवर बांधतात डोंगरमाथ्यावर, जिथे मातीचा थर वीतभर. एक खड्डा खणून कोळसा-मीठ भरले आणि काम झाले, असे तिथे चालत नाही. टॉवरभोवती वाहकाचे पूर्ण कडे पुरावे लागते, त्याला लांब फांद्या काढाव्या लागतात आणि ओल धरून ठेवणारी बेंटोनाइट माती भरावी लागते. भर उन्हाळ्यात जमीन सर्वांत कोरडी असते आणि तिचा रोध सर्वांत जास्त. नेमक्या त्याच काळात वळवाच्या विजा येतात.

त्यात चोरीची भर. तांब्याला भाव चांगला मिळतो, त्यामुळे एकाकी टॉवरवरच्या अर्थिंगच्या पट्ट्या कापून नेल्या जातात. म्हणून अनेक ठिकाणी तांब्याऐवजी जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी पट्टी वापरतात. ती गंजते, पण निदान जागेवर राहते.

खरा धोका असा, की पट्टी चोरीला गेली किंवा गंजून तुटली, तरी त्या दिवशी काहीच होत नाही. फोन लागतात, रेंज पूर्ण असते. सर्ज प्रोटेक्टरची चकतीही प्रत्येक लाटेगणिक थोडी थोडी झिजते. बऱ्याच प्रोटेक्टरवर छोटी खिडकी असते. ती हिरवी असेल तर ठीक, लाल झाली तर बदलायचे. तीही कोणी पाहिली नाही, तर दिवस सुरळीत चालू राहतात. बिघाड कळतो तो वीज पडल्यावरच आणि तेव्हा टॉवर मुका झालेला असतो.

तो मुका होणे परवडणारे नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात वीज पडून २,८८७ जणांचा मृत्यू झाला. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ ॲप आसपासच्या विजांचा इशारा देते. आपत्तीच्या वेळी परिसरातल्या सगळ्या फोनवर एकदम वाजणाऱ्या संदेशाची चाचणी २०२३ मध्ये अनेकांनी ऐकली असेल. हे सगळे इशारे शेतातल्या माणसापर्यंत पोचतात ते याच टॉवरमार्फत. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळाने रायगडमध्ये विजेचे खांब आडवे केले, तेव्हा वीज आणि फोन एकदम जाणे म्हणजे काय, हे कोकणाने अनुभवले आहे.

घरातली तिसरी पिन

टॉवरचा धडा घरात कसा लागू पडतो? आपला टीव्ही दोन वाटांनी बाहेरच्या जगाशी जोडलेला असतो. एक विजेची वायर, दुसरी गच्चीवरच्या डिशची केबल. वादळात या दोन वाटांवरच्या दाबात फरक पडला, की तो फरक टीव्हीच्या पोटात मिटतो. म्हणून नुसते बटण बंद करून भागत नाही. ढग गडगडू लागण्याआधी प्लगही काढावा आणि डिशची केबलही. तांब्याच्या तारेने इंटरनेट येत असेल, तर राउटरचेही तसेच. विजा सुरू झाल्यावर मात्र तारांना हात लावायला जाऊ नये. यंत्रापेक्षा माणूस मोलाचा.

सर्ज प्रोटेक्टर असलेला एक्स्टेन्शन बोर्ड अनेक जण विश्वासाने आणतात. पण त्याच्या सांडव्याचे पाणी जाणार कुठे, तर तिसऱ्या, जाड पिनेतून अर्थिंगमध्ये. भिंतीतल्या सॉकेटचे तिसरे भोक नुसते शोभेचे असेल, तर त्या बोर्डाचा बराचसा उपयोग संपला. जुन्या घरांत आणि वाढवलेल्या खोल्यांत असे पुष्कळदा आढळते. इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंगचा रोध एकदा मोजून घ्यावा आणि तोही उन्हाळ्याच्या अखेरीस.

एक गैरसमजही दूर करायला हवा. हातातल्या मोबाइलवर बोलल्याने अंगावर वीज ओढली जात नाही. चार्जरला लावलेला फोन किंवा तारेचा लँडलाइन फोन मात्र वादळात कानाला लावू नये. उघड्यावर असाल, तर झाडापासून लांब राहा आणि टॉवरपासूनही. वीज चमकल्यापासून ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, तर पक्क्या घरात जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच थांबा.

पुढच्या वादळात फोन लागला, तर डोंगरावरच्या त्या सांगाड्याकडे एकदा पाहा. वीज त्याला चुकवून गेलेली नाही. कोणीतरी उन्हाळ्यात तिथे चढून पट्टी जागेवर आहे का, खिडकी हिरवी आहे का, हे तपासून गेले आहे. आपल्या घरातली तिसरी पिन तपासायलाही हाच हंगाम बरा.